आतली कडी

“झोपडी राहू द्या तशीच. फोटोत दोन्ही यायला पाहिजेत.”

नितीन सरांनी हे मिस्त्रीला सांगितलं, हळू आवाजात, खिशात मोटारसायकलची चावी शोधता शोधता. मी जवळच संस्थेचा कॅमेरा गळ्यात अडकवून उभी होते. समोर नंदाताईंचं नवं घर होतं. पक्क्या विटांचं, वर टिनपत्रे, निळा लोखंडी दरवाजा आणि दरवाजाला चकचकीत कुलूप. घराला खेटून त्यांची जुनी झोपडी. तुराट्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर ताडपत्री आणि ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेली सायकलची जुनी टायरं. नंदाताई झोपडीच्या दारात पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांचे दिवस भरत आले होते. घर तयार होतं आणि त्या त्याच्याकडे बाहेरून बघत होत्या.

“कोनाच्या फोटोत?”

मागून आवाज आला तसा मिस्त्री दचकला. मीही दचकले. सर दचकले नाहीत, त्यांना सवय होती.

“आपा, पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत पुण्याचे. त्यांच्या कंपनीनंच दिलंय ना हे घर. आधीचं आणि नंतरचं असं शेजारी शेजारी दिसलं की त्यांना बरं वाटतं.”

“अन् या पोरीले कवा बरं वाटन?”

सरांनी गाडीला किक मारली. आपा त्या धुराकडे बघत राहिल्या आणि “काय बाप्पा!” एवढंच म्हणाल्या. वऱ्हाडात हे शब्द कोणीही कशालाही म्हणतं. आपांच्या तोंडून ते शिवीसारखे निघाले.

त्यांचं पूर्ण नाव मेहरुन्निसा. पूर्ण नावाने हाक मारणारं मात्र मला कोणी भेटलं नाही. बडनेऱ्यात, भातकुलीच्या बाजूच्या खेड्यांत, आमच्या संस्थेत, सगळीकडे त्या नुसत्या ‘आपा’. जन्म अकोल्याचा. लग्न होऊन बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आल्या. नवरा रेल्वेत होता, तो तरुणपणीच गेला आणि त्याच्या जागेवर यांना नोकरी लागली. पुढे त्या तिकीट तपासनीस झाल्या आणि निवृत्तीपर्यंत गाड्यांमधून फिरल्या. मला त्या भेटल्या तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण गाडी त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. उभ्या राहायच्या त्या पाय फाकवून, डबा हलतोय अशा. बोलायच्या ते तीन डब्यांपलीकडे ऐकू जाईल असं. आणि हिवाळ्यात संस्थेच्या कामावर, स्वयंसेवक म्हणून, यायच्या त्या जुना काळा कोट घालून. त्याची रेल्वेची बटणं काढून साधी लावलेली होती, पण खिशावर जिथे नावाची पट्टी असायची तेवढा चौकोन बाकी कोटापेक्षा गडद राहिला होता.

आमची संस्था गरीब कुटुंबांसाठी साधी घरं बांधायची. देणगी बाहेरून यायची, मिस्त्री गावातला असायचा आणि अंगमेहनत आम्हा स्वयंसेवकांची, असं निदान आमच्या पत्रकावर छापलेलं होतं. मी अमरावतीत इंग्रजी माध्यमात शिकलेली. संस्थेनं मला घेतलं ते विटा उचलायला नाही, देणगीदारांसाठी इंग्रजीत लिहायला. मला ते सोयीचं होतं. लिहिणाऱ्या माणसाशी कोणी फार बोलत नाही. पहिल्या दिवशी जीपमध्ये आपांनी मला नाव विचारलं, मी सांगितलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा गेलं नाही. मग त्या म्हणाल्या, “राहू दे. करतेस काय?” मी म्हटलं, “इंग्लिशमध्ये रिपोर्ट लिहिते.” त्या दिवसापासून मी ‘इंग्लिश’ झाले.

“ए इंग्लिश, जेवली काय?”

“ए इंग्लिश, उन्हात काहून उभी हायस? सावलीत नाही लिहिता येत काय तुले?”

मला स्वतःचं नाव नापसंत नाही. पण त्या हाकेची मी वाट बघायला लागले होते, हेही खरं.

आपांचा राग मी फार जवळून पाहिला. मला राग आला की मी गप्प होते आणि घरी जाऊन डोकं धरून बसते. आपांचा राग तिथल्या तिथे बाहेर यायचा, आणि त्याला एक शिस्त होती. चुकणाऱ्या माणसावर त्या चिडायच्या नाहीत. मिस्त्रीची भिंत वाकडी झाली तर हसायच्या. दुसऱ्याच्या घरात शिरून मालकासारखं वागणारा माणूस मात्र त्यांना क्षणभरही सहन व्हायचा नाही. गाडीत समोरच्या बर्थवर बूट घालून पाय ठेवणारे प्रवासी असतात, त्यांना त्या फक्त एक शब्द म्हणायच्या: “बूट!” तोच शब्द त्यांनी नोकरीतून सोबत आणला होता.

एका रविवारी अमरावतीच्या एका कॉलेजची मुलं श्रमदानाला आली. पाहणी म्हणून एका म्हातारीच्या झोपडीत शिरली, सगळी बूट घालूनच. म्हातारीने पहाटे उठून जमीन सारवली होती, पाहुणे येणार म्हणून. ओल्या सारवणावर बुटांच्या तळव्यांची नक्षी उठली. म्हातारी उलट त्यांना बसायला गोणपाट टाकू लागली. आपा तेव्हा दूर विटांच्या ढिगाजवळ होत्या.

“बूट!”

मुलं थबकली. एकाने हसून म्हटलं, “मावशी, इथे तर मातीच आहे.”

“मातीच हाय? तुह्या घरी टाईल हाय, मी तिथं चपला घालून तुमच्या देवघरात जाऊ काय? मातीच हाय म्हनते! हातानं सारवलेली हाय ते. निघ भाईर. सगळे निघा. अन् बूट काढून पुन्हा आत या, तिनं गोनपाट टाकला ना, मान राखा तिचा.”

मुलं निघाली, बूट काढले, पुन्हा आत गेली, गोणपाटावर बसली. म्हातारीने काळा चहा दिला. तो त्यांना प्यावा लागला, कारण आपा दारात उभ्या होत्या.

त्याच मुलांनी दुपारी भिंत बांधली. विटेवर वीट, हसत, फोटो काढत. हात भरले तेव्हा कोणीतरी सावलीतल्या माठातून पाणी घेतलं आणि सगळ्यांनी हात धुतले. ज्यांनी खारपाणपट्टा पाहिलेला नाही त्यांना यातलं काही कळणार नाही. तिथल्या विहिरीचं पाणी खारट असतं. त्याने भिंतींना लोणा लागतो आणि माणसांच्या किडन्यांचं काय होतं ते दवाखान्यात विचारावं. पिण्याचं गोडं पाणी नळाला येतं ते मध्ये कित्येक दिवस टाकून. त्या माठात त्या घराचं पुढच्या पाळीपर्यंतचं पाणी होतं. घरधनीण रिकाम्या माठाकडे बघत उभी राहिली आणि मुलं रुमालाला हात पुसत होती. आपांनी त्यांच्या बसमधल्या बाटलीबंद पाण्याच्या पेट्या उतरवायला लावल्या आणि एक एक बाटली त्यांच्याच हातांनी माठात ओतायला लावली. सोबतच्या प्राध्यापकांनी म्हटलं, “पण मुलांना वाटेत तहान लागेल.” आपा म्हणाल्या, “लागू द्या. रिपोर्टात लिहा, अनुभव भेटला म्हनून.”

सोमवारी मिस्त्रीने ती भिंत पाडली. पाडावीच लागली, ओळंबा लावायची गरजच नव्हती, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. दर वेळी हेच व्हायचं. रविवारी भिंत चढायची, सोमवारी उतरायची. संस्थेत सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या घराची बाई मात्र पदर डोळ्यांना लावून विचारत होती, “माही भिंत काहून पाडून राहिले? आमचं नाव कटलं काय?” तिला वाटलं, घर मिळणार नाही.

त्या प्रसंगानंतर आपांनी नियम केला: बाहेरून येणाऱ्यांनी रेती चाळायची, विटा वाहायच्या, पण भिंतीला हात लावायचा नाही. सर म्हणाले, “आपा, लोकांना बांधायचं समाधान हवं असतं.” आपा म्हणाल्या, “समाधान रेतीत बी भेटते. अंगाले झोंबते, पन भेटते.”

संस्था चालवणाऱ्या नितीन सरांबद्दल वाईट लिहायला मला सोपं जाईल, पण ते खरं होणार नाही. त्यांनी मोटारसायकलवर ही सगळी खेडी पालथी घातली होती. ते नसते तर त्यातलं एकही घर उभं राहिलं नसतं. देणगीदारांपुढे हसायची त्यांना इतकी सवय झाली होती, की घर कोणासाठी बांधतो हे त्यांच्या लक्षात राहायचं आणि घर कोणाचं आहे हे राहायचं नाही. आपांना राग यायचा तो या विसरण्याचा.

आपांची एक सवय मला सुरुवातीला चमत्कारिक वाटायची. घर पुरं झालं की त्या एकट्या आत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आतून कडी सरकल्याचा आवाज यायचा. जरा वेळाने कडी निघायची आणि त्या बाहेर यायच्या. एकदा कडी बसवलीच नव्हती. वेल्डरने बाहेरचा कोयंडा लावला होता, आतलं विसरला होता. आपांनी त्याला गावाच्या रस्त्यावरून माघारी बोलावलं.

“भाईरून कुलूप तं सरकार बी लावते. मले आतून कडी पायजे. बाई एकटी असली त काय दाराले पाठ लावून झोपन रातभर?”

त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये त्यांनी मला क्वार्टरची गोष्ट सांगितली. लग्न झाल्यापासून ज्या क्वार्टरमध्ये राहिल्या, जिथे नवऱ्याला शेवटचं पाणी पाजलं, जिथे मुलीचं लग्न केलं, ते निवृत्तीनंतर सोडावं लागलं. ते नियमाने होतं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण सामान बाहेर काढून होण्याआधीच पुढचा माणूस बायकोला घेऊन खोल्या बघायला आला. भिंतींवर हात फिरवून, इथे फ्रिज, इथे पलंग असं बोलत हिंडला.

“अन् बूट घालून,” आपा म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर कपाशीची वेचणी चालली होती. 

तर नंदाताईंचं घर. पुण्याचे पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार होते, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आले नाहीत. त्यांची मीटिंग होती, मग परदेशवारी होती, मग आणखी काही. घर कुलपात आणि चावी संस्थेच्या ऑफिसात. हिवाळा कडक झाला होता. पूर्णा नदीकडून वारा सुटला की झोपडीचा कूड आतल्या आत शिट्ट्या मारायचा. नंदाताईंची सासू, तिला सगळे बुढीमाय म्हणायचे, कुडाच्या फटींत चिंध्या कोंबत बसायची. नंदाताईंचा नवरा गजू मजुरी करायचा. कामावर जाताना आणि येताना तो त्या कुलपाला हात लावून बघायचा. ओढून बघायचा नाही, नुसता हात लावायचा.

आणि नंदाताई बाळंत झाल्या. सरकारी दवाखान्यात, मुलगी. दवाखान्याने सुट्टी दिली तेव्हा बाळंतिणीला रिक्षातून उतरवून झोपडीत न्यावं लागलं, कुलूप लावलेल्या दारासमोरून. आपा आणि मी पोचलो तेव्हा बुढीमाय झोपडीच्या दारात डोक्याला हात लावून बसली होती.

“काय झालं माय?” आपांनी विचारलं.

“उद्या पाचवी हाय ना.”

मला पाचवी माहीत नव्हती. बुढीमायनेच सांगितलं. बाळाच्या पाचव्या दिवशी पाटा मांडतात, सटवाईची पूजा करतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. हे सगळं ती मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगत होती आणि सांगता सांगता तिचा आवाज फाटला.

“सटवाई झोपडीत येईन, तं ते झोपडीच लिहीन ना वो लेकराच्या कपाळावर! सामने एवढं घर बांधून ठेवलं. तिले काय दिसन? कुलूप दिसन.”

आपा तिथूनच वळल्या. त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही तशाच आल्या पावली अमरावतीला ऑफिसात गेलो.

“नितीनभाऊ, चावी द्या.”

सर फोनवर होते. त्यांनी हाताने थांबा म्हटलं. आपा थांबल्या नाहीत. “बाळंतीन हाय ते. उद्या पाचवी हाय. चावी द्या.”

सरांनी फोन ठेवला. “आपा, तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? पण आता पाहुण्यांची तारीख अगदी पक्की झालीय. त्यांच्या हस्ते आत पूजा आहे, फीत आहे. घर वापरलेलं दिसलं तर...”

“वापराले नाई त काय चाटाले बांधलं?”

“आणि घरात सोयर आहे. बाळंतीण आधीच आत राहिली तर त्या घरात पूजा कशी करायची? गावातलेच लोक बोलतील.”

मला वाटलं, आता छप्पर उडणार. पण आपांचा आवाज उलट खाली आला. मी तो एवढा खाली आलेला कधी ऐकला नव्हता.

“भाऊ, मले तुमची सोयर समजत नाई, अन् सटवाई बी समजत नाई. मी माह्या घरी नमाज पढतो. पन एवढं समजते, का बुढीले समजते. जिच्या नातीचं नशीब हाय तिले ईचारा ना. ते म्हनते, लेकरू घरात पायजे. अन् तुमी म्हनता, पाहुन्याची पूजा खराब होईन. तुमचा देव लेकराले भेते काय?”

(बायकांनीही ‘मी जातो’, ‘मी करतो’ असं बोलणं आमच्याकडे ऐकायला येतं. माझ्या शाळेत यासाठी मुलींना हसायचे.)

सर म्हणाले, “चावी देता येणार नाही. हस्तांतर होईपर्यंत घर संस्थेचं आहे.”

“क्वार्टर म्हना मंग. घर नका म्हनू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा त्या गावात होतो. आपांनी गजूला पहार आणायला सांगितली. त्याने आणली. पण दारापाशी येऊन त्याचे हात थांबले. पोरगी झोपडीत रडत होती, बुढीमायने पाटा धुऊन उन्हात ठेवला होता, आणि हा एवढा धडधाकट माणूस पहार धरून उभा.

“आपा, घर वापस घेतलं त्याईनं तं?”

मला वाटतं, त्या वाक्याने मला जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात कशानेही आली नसेल. गजूची नाही. स्वतःच्या दारात माणसाला असं उभं करणाऱ्या आमच्या सगळ्या चांगुलपणाची. महिनोन् महिने मी इंग्रजीत लिहीत होते, की या घरांमुळे लोकांना आत्मसन्मान मिळतो. तो शब्द कसा दिसतो ते मी समोर पाहत होते.

“दे इकडे,” आपा म्हणाल्या. “मी तोडतो. माह्या हातानं तुटलं, तुमच्यावर काही येनार नाई. ए इंग्लिश, फोटो काढ. तुमच्या संस्थेले फोटो लागते ना? काढ. तोंड दिसू दे माहं.”

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काळा कोट, फाकलेले पाय, हातात पहार. कुलूप काही तुटलं नाही, ते चांगल्या कंपनीचं होतं. कोयंडाच वेल्डिंगसकट उखडून आला आणि दाराला निळ्या रंगात एक पांढरी खोक पडली. आपा धापा टाकत बाजूला झाल्या. नंदाताई बाळाला छातीशी धरून उंबऱ्यापाशी आल्या. बुढीमायने तिथेच बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तिघी आत गेल्या आणि मागून आपांनी दार ओढून घेतलं. गजू बाहेर, मी बाहेर, जमलेल्या बाया बाहेर.

मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

यावेळी ती आपांनी लावली नव्हती. आपा आमच्यासारख्याच बाहेर होत्या, कपाळाचा घाम कोटाच्या बाहीने पुसत. कडी नंदाताईंनी लावली होती. बराच वेळ ती उघडली नाही, आणि कोणी दार वाजवलंही नाही.

सरांनी आपांना संस्थेत यायला मनाई केली. मला काही म्हणाले नाहीत, माझ्याकडे पाहुण्यांसाठीचं इंग्रजी होतं. तारीख खरोखरच ठरली. आदल्या दिवशी सर गावात गेले तर झोपडी जागेवर नाही. ती गजूने मोडली होती आणि तिच्या तुराट्या बाळंतिणीचं पाणी तापवायला चुलीत गेल्या होत्या. सरांनी कपाळाला हात लावला. मग भातकुलीहून नवी ताडपत्री आली, कोणाच्या तरी गोठ्याच्या तुराट्या आल्या, मजूर आले. गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या आमच्या संस्थेने त्या संध्याकाळी एक झोपडी बांधली. मिस्त्री हसत नव्हता. ओळंबा खिशात ठेवून तो म्हणाला, “मॅडम, हे पयलं काम हाय ज्याच्यात भित वाकडीच पायजे म्हनून सांगतलं.”

आपा पुढे मुलीकडे भुसावळला राहायला गेल्या. अधूनमधून फोन येतो, जेवलीस का विचारतात आणि पुढचं ऐकायच्या आत ठेवतात. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या कार्यक्रमाच्या दिवशी.

मांडव, खुर्च्या, स्पीकर, दाराला लाल फीत. खोक पडलेल्या जागेवर झेंडूचं तोरण ओढून घेतलं होतं. नंदाताई, गजू आणि बुढीमाय यांना नव्या झोपडीसमोर उन्हात उभं केलं होतं. नंदाताईंना नवी साडी दिली होती आणि मग फोटोग्राफरने ती बदलून जुनी नेसायला लावली होती. बाळ कुठे आहे, असं सरांनी विचारलं. बुढीमाय म्हणाली, “आत हाय. आपाजवळ.” आपा सकाळीच बडनेऱ्याहून रिक्षाने आल्या होत्या आणि कोणाला काही न विचारता घरात जाऊन बसल्या होत्या. सरांचा चेहरा उतरला, पण पाहुण्यांची गाडी रस्त्याला लागली होती.

माईक माझ्या हातात होता. सरांनी लिहून दिलेलं स्वागताचं इंग्रजी मी वाचलं. पाहुणे उंच, हसतमुख, मराठीच होते. त्यांनी टाळ्यांना नमस्कार केला, गजूच्या खांद्यावर हात ठेवून फोटो दिला, झोपडीकडे बघून मान हलवत ‘अरेरे’ म्हणाले. मग फीत कापली. दार ढकललं.

मी त्यांच्या अगदी मागे होते, म्हणून मला आतलं दिसलं. भिंतीला टेकून आपा जमिनीवर बसल्या होत्या. काळा कोट घडी करून बाजूला ठेवलेला. पाय लांब केलेले, आणि दोन्ही पायांच्या मधल्या खोबणीत तेल लावून न्हाऊ घातलेलं बाळ, नुकतंच झोपलेलं. खोलीत धुरीचा वास होता. कोपऱ्यात चूल, दोरीवर लंगोट, भिंतीशी पाटा. जमीन त्याच सकाळी पुसलेली होती, अजून ओलसर.

पाहुण्यांनी पाय उचलला. चकचकीत काळा बूट उंबऱ्यावर आला. त्यांच्या मागे सर, फोटोग्राफर, कंपनीची माणसं, सगळे बुटांत.

आपांनी त्या बुटाकडे पाहिलं. त्यांचा जबडा ताठ झाला. तोंड उघडलं, छाती भरली, आणि मी तो शब्द यायची वाट पाहिली. तो आला नाही. बाळाने झोपेत हात झटकला होता. आपांनी तोंड मिटलं. एवढा मोठा आवाज त्यांनी तसाच गिळला, पाय जराही न हलवता, आणि मान वर करून त्या सगळ्यांच्या मधून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी माईक बंद करून खुर्चीवर ठेवला. पाहुण्यांच्या बाजूने पुढे झाले आणि उंबऱ्यात त्यांच्या समोर उभी राहिले. मोठ्याने बोलायची गरज नव्हती, दारातल्या माणसांना ऐकू जाईल एवढं पुरे होतं.

“बूट,” मी म्हणाले. “बूट बाहेर काढा, सर. आणि आधी नंदाताईंना विचारा, आत येऊ का म्हणून. त्यांचं घर आहे.”